दिवाळी सरली की मन बसतं

प्रश्न : ताई, मी ३६ वर्षांची, कोल्हापुरात राजारामपुरीत राहते. नवऱ्याचं शिरोली एमआयडीसीत छोटं मशीनशॉप आहे, मुलगी चौथीत. तीन वर्षांपासून मी घरूनच अमेरिकेतल्या हॉस्पिटलांच्या बिलिंगचं काम करते, रात्रीच्या शिफ्टला. फ्लॅट पहिल्या मजल्यावर, शेजारची बिल्डिंग हाताच्या अंतरावर. गेले तीन हिवाळे एकच चाललंय. तुळशीचं लग्न झालं की मन बसायला लागतं. कितीही झोपले तरी झोप पुरत नाही, हातपाय शिसं ओतल्यासारखे जड. सारखं गोड खावंसं वाटतं, गुळाचा डबा शेजारी घेऊनच कामाला बसते (माहेरी गुऱ्हाळ होतं, लहानपणची सवय). दर थंडीत चार-पाच किलो वजन वाढतं. कुणाचा फोन घ्यावासा वाटत नाही. दोन वर्षं संक्रांतीच्या हळदीकुंकवाला कुठं गेले नाही. रंगपंचमीच्या आसपास आपोआप सुटते, मग मला पंख फुटतात. गेल्या एप्रिलमध्ये चार माणसांचं काम एकटीनं केलं, अख्खं घर रंगवून काढलं. पावसाळ्यात काही त्रास नाही. वडील चार वर्षांपूर्वी मार्गशीर्षात गेले. नेटवर वाचलं की याला विंटर डिप्रेशन म्हणतात आणि त्यावर दिवा मिळतो. नऊ हजारांचा आहे, घेऊ का? नवरा म्हणतो, आळस आहे, पहाटे रंकाळ्याला फेरी मारून ये, सगळं जाईल. सासूबाई म्हणतात, "थंडीत माणूस तरतरीत हुतंय, तू झोपतीस कशी?" मावसभाऊ डॉक्टर आहे, तो म्हणतो गोळ्या घे. मला सवय लागायची भीती वाटते. यंदा हळदीकुंकवाला तरी जाऊ का? कधी कधी शिफ्ट संपवून पडते तेव्हा वाटतं, सकाळ होऊच नये.
— एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : सगळं लिहून झाल्यावर, अगदी शेवटी तुम्ही एक ओळ घातली आहे. सकाळ होऊच नये. मी तिथूनच सुरू करते.

या वाक्याचे दोन अर्थ निघतात. एक, 'दमलेय, अजून झोपू द्या.' दुसरा, 'जगणं नको झालंय.' पत्रावरून मला कळत नाही, तुम्हाला कळतं. दुसरा अर्थ थोडासा जरी असेल, तर हे उत्तर बाजूला ठेवा आणि आज नवऱ्याला सांगा. 'बरं वाटत नाही' असं गोलगोल नको. 'मला मरावंसं वाटतं' असं सरळ सांगा, कारण गोल बोललेलं घरात ऐकू येत नाही. १४४१६ हा टेली मानसचा सरकारी नंबर. फुकट आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. शिफ्टच्या ब्रेकमध्ये रात्री दोनला लावलात तरी चालतो. आणि 'कसं करायचं' हे डोक्यात यायला लागलं असेल, तर नंबरबिंबर राहू दे, घरातल्या कुणाला तरी सोबत घेऊन थेट सीपीआरला, म्हणजे आपल्या सरकारी दवाखान्यात जा. तिथं मानसोपचार विभाग आहे. मरणाचे विचार येतात म्हणून सांगितलं तर लोक काय म्हणतील, हा हिशोब नंतर करू.

आता बाकीचं.

हे परदेशी दुखणं आहे का? वर्णन तिकडचं आहे, खरं. १९८४ साली अमेरिकेत नॉर्मन रोझेंथल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते पहिल्यांदा रीतसर मांडलं. रोझेंथल मूळचे जोहान्सबर्गचे, भरपूर उन्हातले. न्यूयॉर्कला शिकायला आले आणि तिथल्या हिवाळ्यात स्वतःत पडलेला फरक त्यांना जाणवला. त्यांनी लिहिलेली लक्षणं तुमच्या पत्राशी जुळतात : झोप वाढणं, गोड आणि पिठूळ खाण्याची ओढ, वजन वाढणं, अंग जड होणं, माणसं नकोशी होणं. एरवी नैराश्यात बऱ्याचदा उलट होतं, झोप उडते आणि अन्नावरची वासना जाते. म्हणूनच हिवाळी नैराश्याच्या माणसाला घरचे आजारी समजत नाहीत. तो खातोय, झोपतोय, मग बिघडलंय कुठं? तुमच्या नवऱ्याला एवढंच सांगा की आळशी माणूस बाराही महिने आळशी असतो. नोव्हेंबरात सुरू होऊन मार्चमध्ये बंद होणारा आळस मी तरी पाहिलेला नाही.

म्हणजे नेटवर वाचलेलं बरोबर, दिवा मागवून टाका, असं म्हणून हे उत्तर इथं संपवता आलं असतं. पण तुमच्या पत्रात तीन गोष्टी अडतात.

पहिली पावसाळ्याची. २१ डिसेंबरला कोल्हापुरात दिवस साधारण ११ तासांचा असतो आणि जूनमध्ये १३. फरक दोनच तासांचा. त्याच २१ डिसेंबरला लंडनमध्ये दिवस आठ तासांचाही नसतो, आणि नॉर्वेतल्या ट्रोम्सोत नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य उगवतच नाही. आपल्याकडचा अंधारा काळ कुठला म्हणाल तर आषाढ-श्रावण. गगनबावडा-राधानगरीकडं दिवसचे दिवस सूर्य दिसत नाही. इकडं शहरात कपडे वाळत नाहीत आणि पंचगंगेची पातळी चढायला लागली की जो तो राजाराम बंधाऱ्याचे फूट विचारत असतो. 'मन लागत नाही' म्हणणारी पत्रंही मला त्याच दिवसांत जास्त येतात. तुम्ही मात्र लिहिता, पावसाळ्यात काही त्रास नाही. उजेड कमी पडणं हेच एकमेव कारण असतं तर जुलैत तुम्हाला थोडी तरी कुरकुर व्हायला हवी होती.

दुसरी गोष्ट फेब्रुवारीची. अंबाबाईचा किरणोत्सव तुम्हाला मी सांगायला नको. ९, १०, ११ नोव्हेंबरला होतो आणि पुन्हा ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारीला. दोन्ही वेळा मावळतीचा सूर्य क्षितिजावर जवळपास एकाच जागी असतो, म्हणून त्याची किरणं महाद्वारातून आत मूर्तीपर्यंत येतात. मधल्या काळात तो आणखी दक्षिणेला सरकलेला असतो. याचाच अर्थ, फेब्रुवारी लागला की दिवसाची लांबी नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्याएवढी झालेली असते. तुम्हाला उतार पडायचा तर तेव्हापासून पडायला हवा. तुम्ही रंगपंचमीची वाट बघता. शरीर सावरायला थोडा वेळ घेतं हे मान्य, पण मला मार्चचा संशय आला.

आणि मार्चमध्ये काय होतं ते तुमच्या कंपनीला विचारा. अमेरिकेतली घड्याळं नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी एक तास मागं जातात आणि मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुन्हा पुढं येतात. शिफ्टची वेळ तुम्ही लिहिलेली नाही. तिकडच्या पूर्व किनाऱ्याचं नऊ ते सहा असेल, तर ते आपल्याकडं उन्हाळ्यात संध्याकाळी साडेसहा ते पहाटे साडेतीन होतं आणि हिवाळ्यात साडेसात ते साडेचार. म्हणजे पडायला पाच, उठायला बारा-साडेबारा. उठल्यावर स्वयंपाक, मुलीचं बघणं, गार वारं येतं म्हणून खिडक्या बंद, आणि साडेसहाला बाहेर अंधार. एप्रिल-मेमध्ये कुरडया, सांडगे, पापड घेऊन गच्चीवर दिवसातून दोन खेपा होतातच. डिसेंबरात गच्चीवर तुमचं काय काम असतं?

घरात ट्यूबखाली दोन-तीनशे लक्स (लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप) उजेड असतो. बाहेर सावलीत उभं राहिलं तरी तो हजारांत जातो आणि भर उन्हात लाखाच्या घरात. डोळा सांभाळून घेतो, म्हणून आपल्याला हा फरक एवढा मोठा वाटत नाही. पण झोपजागेची वेळ ठरवणारं मेंदूतलं घड्याळ डोळ्यांतून येणाऱ्या उजेडावरच लागतं, आणि त्याला दोनशे लक्समध्ये दिवस आहे की रात्र हे नीट उमगत नाही. शेजारची भिंत हाताच्या अंतरावर असलेल्या पहिल्या मजल्यावर, डिसेंबरात, तुमच्या वाट्याला येणारा दिवस हा असा आहे.

तिसरी गोष्ट तुम्ही एका ओळीत उरकली आहे. तिच्याकडं येतेच.

मानसोपचाराच्या पुस्तकातला नियम असा : किमान सलग दोन वर्षं त्याच ऋतूत नैराश्य यावं, तो ऋतू सरला की पूर्ण जावं, आणि दरवर्षी त्याच काळात येणारं बाहेरचं कारण उघड दिसत असेल तर ते ऋतूच्या खात्यावर मांडू नये. दर हिवाळ्यात काम सुटणं हे पुस्तकातलं उदाहरण. तुमच्याकडं अशी दोन कारणं आहेत, एक ही शिफ्ट आणि दुसरं ती तिसरी गोष्ट. तुम्हाला नेमकं काय झालंय हे एखादा मानसोपचारतज्ज्ञच सांगू शकेल, मी नाही. माझं मत मात्र सांगते. तुमचं नैराश्य खरं आहे, आणि ते कोल्हापूरच्या सूर्यापेक्षा अमेरिकेच्या घड्याळावर जास्त चालतं.

म्हणूनच पहाटेची रंकाळ्याची फेरी तुमच्यासाठी नाही. नवऱ्याचा हेतू चांगला आहे, आणि रात्री झोपणाऱ्या माणसाला मीही तेच सांगितलं असतं. पण झोपेच्या शेवटच्या दोन-तीन तासांत शरीराचं तापमान सगळ्यात खाली गेलेलं असतं. त्याआधी डोळ्यांवर लख्ख उजेड पडला तर मेंदूतलं घड्याळ आणखी उशिरावर जातं, त्यानंतर पडला तर ते लवकर येतं. तुमच्या झोपेत ही वेळ सकाळी नऊ-दहाच्या आसपास येत असणार. सातला रंकाळ्यावर ऊन खाऊन आठला झोपायला आलात, तर झोप तुटेल आणि घड्याळ उलट्या बाजूला सरकेल. तुमची सकाळ दुपारी उगवते. तुम्हाला उजेड हवा तो तेव्हा.

शिफ्ट संपली की अर्ध्या तासात अंधारात झोपा. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडं सूर्य सातच्या सुमाराला उगवतो, त्यामुळं पहिले दोन तास अंधार आयता मिळतो. पुढच्यासाठी खिडकीला जाड पडदा लावा. उठायची वेळ एकच ठेवा, साडेअकरा म्हणजे साडेअकरा, आणि उठल्यापासून तासाभरात गच्चीवर जा. अर्धा-पाऊण तास बसा. उन्हाचा चटका लागत असेल तर टाकीच्या सावलीत बसा, वर आभाळ मोकळं असलं की झालं. सूर्याकडं बघायचं नाही, गॉगल लावायचा नाही. मोबाइलमध्ये मान घालून बसलात तर डोळ्यांपर्यंत काही पोचणार नाही. एकटीनं जायला जीवावर येईल, तर सासूबाईंना विचारा. थंडीत दुपारी उन्हाला बसणं हा आपल्याकडच्या म्हाताऱ्या बायकांचा जुना कार्यक्रम आहे : पाठ उन्हाकडं, पुढ्यात सुपात पावट्याच्या शेंगा, आणि जगाची उणीदुणी. त्यांच्या शेजारी बसून शेंगा सोला. 'झोपतीस कशी' हा प्रश्नही तिथं बसल्यावर कमी होईल, असा माझा अंदाज.

दिव्याचं बघू. ज्यांना उठायच्या वेळी बाहेर उजेडच नसतो, त्यांच्यासाठी तो आहे. ठरावीक अंतरावर १०,००० लक्स, उठल्या उठल्या साधारण अर्धा तास, असा त्याचा वापर. उपचार खरा आहे, थोतांड नाही. पण तुम्ही उठता तेव्हा गच्चीवर त्याच्यापेक्षा जास्त उजेड फुकट पडलेला असतो. नऊ हजार तूर्त ठेवा. गच्ची जमतच नसेल आणि डॉक्टर हो म्हणाले तर घ्या, पण १०,००० लक्स नेमके किती अंतरावर मिळतात ते आधी वाचा. तोंडाला चिकटवून बसावं लागणारा दिवा काही कामाचा नाही. अतिनील किरण गाळणारा हवा. शेकायचा लाल दिवा किंवा फोटोसाठीचा गोल दिवा याला चालत नाही. आणि डोळ्यांच्या पडद्याचा काही आजार असेल, किंवा उन्हानं अंगावर पुरळ उठणारं एखादं औषध चालू असेल, तर विचारल्याशिवाय वापरायचा नाही.

शनिवार-रविवारी तुम्ही घरच्यांसाठी सकाळी सातला उठत असणार, हे मी न सांगताच धरून चालले आहे. दर आठवड्याला शरीर अमेरिकेतून भारतात येतं आणि सोमवारी परत जातं. सुट्टीच्या दिवशी रात्री अडीच-तीनला झोपून दहापर्यंत उठण्यावर तडजोड करा. चहा-कॉफी रात्री एकनंतर नको.

गुळाचं मी काही बोलणार नाही. डिसेंबरात डाएट सुरू करून स्वतःला आणखी एक अपयश देऊ नका. उठल्यावरचं पहिलं खाणं भरभक्कम करा, अंडी, उसळ, दूध, जे घरात असेल ते. रात्री डब्याकडं हात जाणं त्यानं थोडं कमी होतं. मात्र रक्त तपासून घ्या. थायरॉइड कमी पडलं की अशीच झोप येते, असंच वजन वाढतं, थंडीही जास्त वाजते. त्याच्यासोबत हिमोग्लोबिन, बी-१२, साखर आणि व्हिटॅमिन डी बघा. डी कमी निघालं तर डॉक्टर पावडरची पाकिटं देतील. ती सांगितली तेवढीच घ्यायची, मनानं वर्षभर चालू ठेवायची नाहीत, त्यानं रक्तातलं कॅल्शियम वाढतं. डी भरून आलं की उदासी जाईल, असं मात्र समजू नका. त्याचा पुरावा कच्चा आहे.

आता पंखांचं. रंगपंचमीनंतर पंख फुटतात, हे वाक्य तुम्ही आनंदानं लिहिलंय, आणि ते नुसतं सुटकेचं असूही शकेल. चार महिने जड अंगानं काढलेल्या बाईला घर रंगवावंसं वाटलं तर त्यात नवल नाही. पण आठवून बघा. त्या दिवसांत चार तासांची झोप पुरत होती का? बोलणं इतकं वाढलं होतं का, की घरचे थांब म्हणत होते? न परवडणारा खर्च झाला? नको त्यावर चिडचिड? यातलं काही असेल तर डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगा, ते विचारोत न विचारोत. ज्यांचं मन दोन्ही टोकांना जातं, त्यांना नुसती नैराश्याची गोळी किंवा हा दिवाही वरच्या टोकाला ढकलू शकतो. मावसभावानं फोनवर सांगितलेली गोळी नको, ती एवढ्याचसाठी. गोळीला माझा विरोध नाही. नैराश्याच्या हल्लीच्या गोळ्यांची दारूसारखी तलफ लागत नाही. त्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे, कधी जास्तही लागतात, आणि त्या एकदम बंद करायच्या नाहीत, डॉक्टर सांगतील तशा उतरवायच्या. एवढं सांभाळलं की झालं.

बोलून करायचे उपचारही आहेत. अमेरिकेतल्या व्हर्मांटमध्ये केली रोहन यांनी हिवाळी नैराश्यासाठी खास बेतलेली विचार आणि वर्तनावरची उपचारपद्धती दिव्याच्या शेजारी ठेवून तपासली. त्या हिवाळ्यात दोन्हींचा गुण सारखाच आला. दोन हिवाळ्यांनंतर पाहिलं तर बोलून उपचार घेतलेल्यांमध्ये दुखणं उलटण्याचं प्रमाण कमी होतं. 'थंडी आली, आता माझं संपलं' हा विचारच माणसाला ऑक्टोबरपासून झोपवतो, त्याच्यावर तिथं काम होतं. कोल्हापुरात असे समुपदेशक आहेत. मानसोपचारतज्ज्ञांनाच नाव विचारा.

वडील चार वर्षांपूर्वी मार्गशीर्षात गेले. नोकरी तीन वर्षांची, हिवाळे तीन. म्हणजे दुःखाच्या पहिल्या वर्षातच कधीतरी तुम्ही हे रात्रीचं काम धरलंत, आणि पहिलं वर्षश्राद्ध आलं तेव्हा नव्या शिफ्टमध्ये होतात. माहेरी गुऱ्हाळ होतं हे तुम्ही गुळाबद्दल लिहिताना कंसात टाकलंय. गुऱ्हाळ म्हणजे हेच महिने. काहिलीवर रस चढलेला, चुलवाणात चिपाडं, पहाटेपासून गुळव्याची हाक, आणि घरी आलेल्या लेकीच्या हातावर गरम काकवी. या हंगामात माहेरी शेवटचं कधी गेलात, ते पत्रात नाही. गेला नसाल, असं वाटतं. गेलेल्या माणसाचा महिना आला की मन आपोआप खाली जातं. कॅलेंडर बघितलं नाही तरी शरीराला तो महिना कळतो, हवेवरनं, वासावरनं. त्याला दिवा लागू पडत नाही.

यंदा तिथीच्या आसपास तीन दिवस रजा टाका आणि आईकडं जा. गुऱ्हाळ चालू असो वा बंद, त्या आवारात जाऊन या. आईला वडिलांबद्दल विचारा, बोलायचं टाळू नका. रडू आलं तर येऊ द्या. जाऊन आल्यावर जड वाटतंय की हलकं, हे डॉक्टरांसाठीसुद्धा महत्त्वाचं आहे.

हे सगळं टिपून ठेवा. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत उजेडाचा उपचार सुरू झाला, त्याच्या मुळाशी एक इंजिनियर होता. त्यानं वर्षानुवर्षं आपल्या मनाचे चढउतार लिहून ठेवले होते आणि ती टिपणं घेऊन तो डॉक्टरांपुढं गेला. तुम्हाला वही नको. भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाचा हिशोब लिहिता ना, त्याच चौकटीत कधी झोपलात, कधी उठलात, बाहेर किती वेळ होतात आणि मन दहापैकी किती, एवढं लिहा. मार्चमध्ये घड्याळ बदललं त्या आठवड्यातलं मन नीट बघा. घड्याळ बदलल्याबरोबर आकडे चढले, तर कंपनीशी बोलायला तुमच्या हातात काहीतरी असेल. काही कंपन्या भारतीय वेळेची कायम शिफ्ट देतात, काही ठिकाणी दुसऱ्या प्रोसेसला, म्हणजे दुसऱ्या कामाच्या गटात बदलून मिळतं. ही मागणी सप्टेंबरातच टाका. डिसेंबरात तुमच्यात मागायचं बळ नसतं, हे तीन वर्षांत दिसलंय.

नवऱ्यासाठी दोन ओळी, त्यांना वाचायला द्या. साहेब, 'उठ' म्हणून ती उठणार नाही, म्हणून ते बंद करा. मुलीचा सकाळचा डबा तिच्याकडं असेल तर मार्चपर्यंत तुमच्याकडं घ्या, म्हणजे ती पाचला झोपू शकेल. डॉक्टरकडं सोबत जा आणि एप्रिलमधल्या घर रंगवण्याबद्दल तुम्हाला काय दिसलं ते तुम्ही सांगा, कारण त्या दिवसांत ती स्वतःला बाहेरून बघत नव्हती. आणि शॉपमधून दुपारी जेवायला येत असाल तर जेवण गच्चीवर होऊ द्या.

हळदीकुंकवाचं विचारलंत. जा. सगळीकडं नाही, जिथं जावंसं त्यातल्या त्यात वाटतं अशा एक-दोन घरी. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत दिवस हाताशी असतात, त्यामुळं एखादा वाईट गेला तर दुसरा आहे. पाचला निघालात तर शिफ्टच्या आत परत याल. वाढलंय का गं वजन, असं कुणीतरी म्हणणारच, त्याला उत्तर द्यायची सक्ती नाही. तुमच्या घरचं मात्र यंदा राहू द्या. वाण आणणं, तिळगूळ करणं, पन्नास बायकांना फोन करणं, हे पुढच्या वर्षी झेपलं तर बघा. सासूबाईंना हवंच असेल तर त्यांनी करावं आणि तुम्ही नुसतं अत्तर लावायला उभं राहावं.